चरबी तिलाच कामून?

न्हाई, मी म्हणतो, तिलाच कामून? आवो, एचआयव्हीची गोळी आमा नवराबायकोची एकच, बिदरची बस एकच, दवाखान्यातली ही गोळ्यांची रांग बी एकच... तुमी बी ह्याच रांगेत हाव म्हणून तुमाला सांगतो, न्हाईतर घरातलं कोण चव्हाट्यावर मांडतंय?

मागं एकदा डॉक्टरनं आमच्या मल्लेश्वरीचा रिपोर्ट बघितला आन् कानडी हेलात म्हणला, "अक्का, तुमाला चरबी जास्ती झालीय." झालं, ही उसळली. "मला चरबी? सगळ्या गावाला इचारा, चरबी कुणाला हाय ते!" आन् बोट माझ्याकडं. डॉक्टर बिचारा घामाघूम. "अक्का, रक्तातली, रक्तातली! ह्या रोगात काळजाला धोका जास्ती, वरून चरबी साचली तर झटका यायचा. ही गोळी रोज घ्या, म्हातारपण नीट जाईल."

म्हातारपण! ऐकलंत? रोग कळला तवा पुढची दिवाळी बी कुणी आमच्या हिशोबात धरत नव्हतं, आन् हिला थेट म्हातारपण? मी हात पुढं केला, "मला?" तर म्हणतो, "अण्णा, तुमची चरबी ठीक हाय. आत्ता नको." म्हंजे ही नातवंडं खेळवणार आन् मी भिंतीवर हार घालून बसणार व्हय? तिलाच कामून?

मग मी बी पेटलो. आळंदच्या बाजारात तूर घालायला गेलो की मिरचीभजी, लग्नात गेलो की तुपात बुडवलेली पोळी... चरबी वाढवायचीच. आन् ही? रोज जेवण झालं की ती गोळी जिभेवर ठेवणार, माझ्याकडं बघत बघत पाणी पिणार. जळायचं हो, हितं, छातीत जळायचं... आन् एक दिवस खरंच जळलं. ही घाबरली, बिदर येईस्तोवर माझा हात सोडला न्हाई. मला बरं वाटलं, खोटं कामून बोलू?

निघालं पित्त. पण रक्त तपासलं, आन् आज रिपोर्ट आला. चरबी! डॉक्टर म्हणला, "नुसत्या भज्यानं न्हाई अण्णा, रोगानं बी वाढती. गोळी चालू करा. भजी बंद, तूप बंद, तंबाखू बंद." मिळालं हो मला म्हातारपण! लगेच हिच्याकडं वळून, "अक्का, तुमची चरबी उतरली. गोळी सोडू नका, पण कधीमधी एखादं भजं चालतंय."

ती बघा, फाटकापाशी गाड्यावर उभारून खायलीय... मला दाखवून दाखवून... तिलाच कामून?