स्क्रूची की स्प्रिंगची

बत्तीसच म्हणालो ना मी? थांबा, कमरुद्दीनभाई, क्लिपा लगेच काढू नका — बत्तीस मिलिमीटर की अडतीस, आता माझी मलाच खात्री वाटत नाही. हल्ली असंच होतं. सकाळी रेडिएटरच्या रबरी होजभोवती दोरा गुंडाळला, दोरा पट्टीवर धरला, परीघ आला, परिघावरून व्यास काढला — आणि एसटीत बसल्यावर वाटायला लागलं, खरंच काढला की नुसता काढायचं ठरवलं? हसा, हसा. रबरावर पीएचडी केलेला माणूस आहे मी, तापल्यावर रबराचं काय होतं हे जन्मभर पोरांना शिकवलं, आणि बायको, आमची कमळ, म्हणते, तुम्हाला पुस्तकातलं रबर कळतं, गाडीतलं नाही.

हा जुना होज बघा. नाही, उलटा करा — ही रेघ दिसते? क्लिपच्या बरोबर खाली कापला गेलाय. गुरुवारी उरण रोडला, दोन्हीकडे कंटेनरचे ट्रेलर, आणि बॉनेटमधून वाफ. मागच्या सीटवर कमळ. तिचं डायलिसिस असतं खारघरला, आठवड्यातून तीनदा, आणि ते चुकवून चालत नाही. प्राचीनं — मुलगी आमची, गाडी तीच चालवते — कशीबशी रिक्षा मिळवली. पोचलो. पण उशीर झाला, सगळं अर्धवट झालं, परत आणलं तेव्हा कमळच्यानं जिना चढवेना. पुढच्या वेळी रिक्षा मिळाली नाही तर? तर काय, ते मला तोंडानं म्हणवत नाही.

स्प्रिंगच्या क्लिपा घ्या म्हणताय. माहीत आहे मला. मी कुठं वाद घालतोय? रबर तापलं की फुगतं, गार झालं की थोडं दबलेलंच राहतं, स्प्रिंग त्याच्यामागे जाते, स्क्रू जात नाही. आणि स्क्रू सारखा आवळत राहिलं तर क्लिपची पट्टी रबरात रुतते — पुरावा तुमच्या हातातच आहे. सारखा कोण आवळतं? मी. निघायच्या आधी, प्रत्येक वेळी. ती बॉनेटपाशी उभी राहून बघते — भिंतीला धरून, पण उभीच — आणि म्हणते, अजून अर्धा आटा द्या. मी देतो. मग ती गाडीत बसते. एकदा स्प्रिंगची लावली होती, तर म्हणाली, ह्याला स्क्रू कुठंय? आवळायचं काय मग? आणि नाहीच बसली. त्या दिवशीचं डायलिसिस बुडालं.

तुम्हाला वाटेल, म्हातारी हट्टी आहे. नाही हो. सत्यजीत — आमचा मुलगा, प्राचीचा मोठा भाऊ — त्याच रस्त्यावर गेला. करंजाहून येत होता. गाडी कडेला उभी, ओरखडासुद्धा नाही, आणि तो रस्त्यावर, हातात पाण्याचा रिकामा कॅन. ट्रेलरनं उडवला. डांबरावर पाणी सांडलेलं. पोलीस म्हणाले, गाडी तापली असणार. आणि आदल्याच रविवारी त्याच्या गाडीच्या वरच्या होजची क्लिप मी बदलली होती, माझ्या हातानं. एवढं तिला पुरलं. रडली नाही, मला म्हणाली, एक स्क्रू नीट आवळता आला नाही तुम्हाला. मलाच आठवेना, आवळला होता की नाही.

मग चार वर्षांनी काळूराम आला घरी. करंजाचा, मासळीचा टेम्पो चालवायचा. कमळ आत झोपली होती, नशीब. उंबऱ्याबाहेरच उभा, आत ये म्हटलं तर येईना. "तुमचा पोरगा माझ्यासाठी थांबला व्हता, सर," म्हणाला. "माझा टेम्पो तापला व्हता, मासलीवरचा बर्फ वितलत व्हता. पानी त्यानंच वतलं. न् माघारी त्याच्या गाडीकडं जाताना... मी थांबलो नाय, सर. भ्यालो." मी पाण्याचा तांब्या पुढे केला, तर त्यानं हात लावला नाही.

तिला सांगून टाका म्हणताय? काय सांगू? डिकीत ते कॅन कोण भरून ठेवायचं? मी नाही. ती. मिठागरावरच्या घरातली आहे ती — चहूकडे खारं, गोडं पाणी लांबून डोक्यावरून आणायचं — तिनंच पोराला शिकवलं, पाणी मागणाऱ्याला नाही म्हणायचं नसतं, मग तो कुणी का असेना. आईचं एवढं एक त्यानं ऐकलं. आता जाऊन तिला सांगू, की क्लिपनं नाही गेला तो, ह्यानं गेला? आज ती माझ्यावर चिडते, चिडून उठते, चिडून उभी राहते, सुया टोचून घेते. चिडायला मी राहिलो नाही तर कशाच्या आधारानं जिना उतरेल ती? प्राचीलासुद्धा बोललो नाहीये मी. आणि तुम्हाला का सांगत बसलोय — क्लिपा घ्यायला आलो होतो मी.

असू द्या. स्क्रूच्याच द्या. आणि होज एक नको — असतील तेवढे बांधा. दुपारी तिचा डोळा लागला की बदलत जाईन, कापायच्या आत. नको, चहा नको, बसत नाही, एसटी चुकेल. काय? काळूराम खोटं बोलला असेल? मलाही तेच वाटलं, माझा कशावर विश्वास बसतो? म्हणून तर गेलो होतो. पोलिसांच्या आवारात गवतात उभी होती सत्यजीतची गाडी, आम्ही कुणी सोडवायला गेलोच नव्हतो. मी लावलेली क्लिप इतकी घट्ट, की स्क्रूड्रायव्हर दोन्ही हातांनी फिरवावा लागला. होज निघाला तसं गंजाचं लाल पाणी माझ्या चपलांवर आलं. रेडिएटर भरलेला होता.