दुपारची बॅच

सिद्रा : नाही मॅडम, हे वाक्य मी लिहिणार नाही.

प्रणिता मॅडम : अगं, एका वाक्यासाठी अडून बसलीस? गुरुवारी तपासणी समिती येतेय. ताई-जोडीचा अहवाल माझ्या टेबलावर नाही म्हणून प्राचार्य सकाळपासून दोनदा येऊन गेले.

सिद्रा : अहवाल लिहिलाय की. अठ्ठावीस जोड्या. तिसऱ्या वर्षाची कोणती मुलगी पहिल्या वर्षाच्या कुणाची ताई, वर्षभर काय काय केलं, सगळं लिहिलंय. फक्त हे तेवढं नाही. 'या उपक्रमामुळे डोंगरातील वाड्यांवरच्या विद्यार्थिनींचे नेतृत्वगुण विकसित झाले.' आणि त्याखाली संजनाचा फोटो. तोही नाचतानाचा!

प्रणिता मॅडम : चांगला आलाय फोटो.

सिद्रा : मॅडम, संजना तेरा दिवस कॉलेजला आलेली नाही.

प्रणिता मॅडम : माहितीये मला. फोन केला होता, लागत नाही. पण ती मुलगी मुळातच अनियमित आहे, सिद्रा. प्रॅक्टिकलच्या हजेरीचा तक्ता बघ एकदा.

सिद्रा : बघितलाय. तेच तर तिनं भाषणात लिहिलं होतं! केमिस्ट्रीची दुपारची बॅच पाचला सुटते आणि तिच्या वाडीकडची शेवटची एसटी साडेचारला निघते. एसटी चुकली की कशेळ्यापर्यंत जीप आणि पुढं दीड तास डोंगर, अंधारात, एकटीनं. म्हणून ती सव्वाचारला लॅबमधून निघते आणि सर तिच्या नावापुढं गैरहजर मांडतात. तुम्ही तिला अनियमित म्हणता?

प्रणिता मॅडम : आवाज खाली. शेजारी स्टाफरूम आहे.

सिद्रा : खालापूरच्या शिबिरात पाहुणे येऊन तीन दिवस आम्हाला काय शिकवून गेले? डोळ्याला डोळा भिडवून बोला. प्रश्न मांडायला घाबरू नका. पुढारपण म्हणजे गैरसोयीचं बोलायची हिंमत. वहीत लिहून घेतलंय मी. आणि चौथ्या दिवशी समारोपाच्या कार्यक्रमात एका मुलीनं तेच करायचं ठरवलं, तर तिचं भाषण काढून किरणला दिलं!

प्रणिता मॅडम : किरण वक्तृत्वातली मुलगी आहे. समोर संस्थेचे अध्यक्ष बसणार होते.

सिद्रा : किरणला मी काही म्हणत नाही. तिच्या हातात अर्धा तास आधी कागद पडला. पण संजनानं लिहिलं होतं, 'मी माझ्या वाडीतून कॉलेजात आलेली पहिली मुलगी.' आणि किरण काय वाचत होती? 'माझी एक मैत्रीण डोंगरातून येते.' ती मैत्रीण चार पावलांवर पडद्यामागं उभी होती, मॅडम! नाटकाचे कपडे भाड्यानं देणाऱ्या ड्रेपरीतून आणलेलं हिरवं लुगडं नेसून, केसात प्लास्टिकची फुलं खोचून. आणि एसटीचं, प्रॅक्टिकलचं, गैरहजेरीचं सगळं गाळलेलं.

प्रणिता मॅडम : मी गाळलं.

सिद्रा : तुम्ही?

प्रणिता मॅडम : मग तुला काय वाटलं, प्राचार्य लाल पेन घेऊन बसले? त्यांनी फक्त विचारलं, 'प्रणिताताई, हे अध्यक्षांसमोर वाचायचंय का?' तेवढं पुरतं. नऊ वर्षं मी इथं तासिकेवर शिकवतेय. दर जूनला माझी नेमणूक नव्यानं होते. मी नाही म्हटलं असतं तर पुढच्या जूनला ना मी असते, ना तुमची ताई-जोडी.

सिद्रा : आमची ताई-जोडी अशी टिकवायची?

प्रणिता मॅडम : सोपं आहे तुला. तुझं मार्चमध्ये संपेल इथलं.

सिद्रा : सोपं? बारावीनंतर अब्बा म्हणाले होते, पुरे झालं. तेव्हा तुम्ही तीनदा घरी आलात. तिसऱ्यांदा अम्मीनं तुम्हाला चहासुद्धा विचारला नाही, तरी उठला नाहीत. मी दाराआडून ऐकत होते. तुम्ही म्हणालात, 'रज्जाकभाई, ही मुलगी उद्या दहा मुलींना हात धरून वर आणेल.' त्या एका वाक्यावर मी तीन वर्षं काढलीत. आणि आज तुम्हीच मला सांगता, खोटं लिही.

प्रणिता मॅडम : त्या दिवशी निवेदन कोण करत होतं, सिद्रा?

सिद्रा : मी.

प्रणिता मॅडम : कार्यक्रमाचा बदललेला कागद तुझ्या हातात किती वाजता आला?

सिद्रा : दहाला.

प्रणिता मॅडम : कार्यक्रम अकराला. आधी तासभर वेळ होता, नंतर माइकही तुझ्याजवळच होता. मी घाबरले, बरोबर. माझी नोकरी आहे. तुला कसली भीती होती?

सिद्रा : मला वाटलं... कार्यक्रम सुरू झालाय, आता सगळ्यांसमोर कसं... नंतर बोलू.

प्रणिता मॅडम : मीही असंच म्हणत आलेय. नऊ वर्षं.

सिद्रा : म्हणून हे वाक्य आता मला लिहिता येत नाही, मॅडम. तेव्हा गप्प बसले ते बसले. आता परत त्यावर सही करू?

प्रणिता मॅडम : थांब. त्या कपाटाचा खालचा खण उघड. निळी फाईल. तिच्यात आहे तिचं भाषण. तिच्या अक्षरातलं.

सिद्रा : तुम्ही ठेवलंत?

प्रणिता मॅडम : फाडवलं नाही. कुठं भेटेल ती?

सिद्रा : तिच्या शेजारच्या वाडीतली एक मुलगी सांगत होती, रोज दुपारी कशेळ्याच्या बाजारात दिसते म्हणून.

प्रणिता मॅडम : मग जा. नेऊन दे तिला. अहवाल माझ्याकडे ठेव.

सिद्रा : आणि ते वाक्य?

प्रणिता मॅडम : चारच्या जीपला गर्दी होते, सिद्रा. नीघ.

(त्याच दिवशी, पाच वाजता. कशेळे, बाजारातलं झेरॉक्सचं दुकान.)

संजना : पंधरा प्रती काढा, दादा. मागनंपुढनं नको, एकाच बाजूनं.

सिद्रा : संजना.

संजना : तू? इथं कशी आलीस?

सिद्रा : जीपनं. तुझा फोन का लागत नाही गं? तेरा दिवस झाले.

संजना : मोजलेस काय दिवस?

सिद्रा : हे घे. तुझं भाषण. मॅडमनी दिलंय.

संजना : ठेव तुझ्याकडं. मला पाठ हाय.

सिद्रा : रागावलीस ना? रागाव. मीही भांडून आलेय मॅडमशी. तुझं भाषण काढून घेतलं, वर अहवालात तुझा फोटो लावून नाव करायला निघालेत. मी साफ सांगितलं, लिहिणार नाही. लाज वाटायला पाहिजे या लोकांना!

संजना : या लोकांना.

सिद्रा : मग नको वाटायला?

संजना : वाटू दे की. पण एक सांग, सिद्राताई. किरणचं भाषण झाल्यावर तू माइकवर काय बोललीस?

सिद्रा : तुझ्या नाचाचं नाव सांगितलं.

संजना : त्याच्या आधी.

सिद्रा : आठवत नाही मला.

संजना : मला आठवतं. 'आता येत आहेत निसर्गाच्या लेकी. जिथं पाखरं गातात, झरे हसतात, तिथल्या या निरागस कळ्या.' लोकांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांनीबी.

सिद्रा : संजना...

संजना : ते कागदावर लिहून दिलेलं व्हतं काय तुला?

सिद्रा : नाही.

संजना : मॅडमनी सांगितलेलं?

सिद्रा : नाही. माझंच होतं ते. बोलायच्या ओघात...

संजना : तेच मला लागलं गं. भाषण काढलं, त्याचा राग आला. पण ते आले-गेलेले लोक. तू माझी ताई व्हतीस. सहा महिने माझ्यासंगं बसून भाषण लिवून घेतलंस. एसटी चुकली तर मी कुठनं चालते, तुला ठावं व्हतं. ओढ्याजवळ एकदा कुत्री मागं लागली, ते तुलाच सांगितलेलं. आईलाबी नाय, तिनं कॉलेज बंद केलं असतं. आणि तू माइकवर बोललीस, झरे हसतात.

सिद्रा : माफ कर मला.

संजना : आणि ते लुगडं! आमच्यात तसलं कोण नेसत नाय. माझी आजी फोटो बघून म्हणाली, ह्या कुणाच्या पोरी? पिना टोचत व्हत्या कमरेला. तसंच नाचले. नाच आमचा व्हता, म्हणून पाय थांबवता नाय आले.

सिद्रा : मी खरंच माफी मागते, संजना. मी तेव्हा थांबायला हवं होतं. माइक बंद करून मॅडमना विचारायला हवं होतं. नाही केलं. मला वाटत होतं, अध्यक्ष समोर आहेत, आपलं निवेदन कसं रंगतंय. खरं सांगते, तेच वाटत होतं.

संजना : हां.

सिद्रा : तू कॉलेज सोडू नकोस. माझ्यावरचा राग कॉलेजवर काढू नकोस.

संजना : सोडलं कुणी?

सिद्रा : म्हणजे? मग तेरा दिवस...

संजना : घरी बसले नव्हते. जूनमधे आमी वाड्यांवरच्या चौदा पोरी व्हतो, पहिल्या वर्षाला. आता किती राहिल्या, तुमच्या अहवालात हाय?

सिद्रा : नाही.

संजना : नऊ. पाच जणी गेल्या. एकीचं लगीन झालं, चौघी घरात बसल्या. कॉलेजात कुणी विचारलं नाय, मग मीच गेले. सगळ्यांच्या घरी. एकेका वाडीला जायला अर्धा दिस जातो. चौघींपैकी तिघी येतो म्हणाल्या, बॅच सकाळची झाली तर. एकीचा बाप तर मलाच ओरडला, तू आधी तुझं बघ म्हणून.

सिद्रा : तू एकटी फिरलीस एवढं?

संजना : नवनाथमामा यायचा कधी कधी. त्याची गाडी व्हती तेव्हा. आणि ह्या बघ, ह्या आमच्या मागण्या. दोनच. दुपारच्या बॅचमधे वाड्यांवरच्या जेवढ्या हाय, त्यांना सकाळी घ्या. आणि ज्या गैरहजेऱ्या एसटीमुळं लागल्या, त्या काढा. प्रत्येक पोरीच्या घरी एक प्रत ठेवायची, म्हणून पंधरा काढतेय. एक प्राचार्यांना.

सिद्रा : हे समितीसमोर ठेव, संजना! गुरुवारी. मी मॅडमना सांगून तुला पाच मिनिटं मिळवून देते. बघू मग कसे नाही म्हणतात.

संजना : नाय.

सिद्रा : का? यापेक्षा चांगली वेळ कुठली?

संजना : समिती येती, जेवती, जाती. दुसऱ्या दिवशी लॅबमधे सर तेच, मी तीच. समितीसमोर त्यांना खाली बघायला लावलं, तर वर्षभर ते माझ्याकडं बघतील. आमी उद्याच जाणार. बारा जणी. प्राचार्यांच्या केबिनमधे. ओरडायला नाय, सांगायला.

सिद्रा : आणि नाही म्हणाले तर?

संजना : तर केबिनच्या भायेर बसू. साडेचारची एसटी जाईपर्यंत. मग त्यांनाच विचारू, आता आमी घरी कशा जायच्या ते.

सिद्रा : मी येते. मी बोलते त्यांच्याशी. मला ओळखतात ते, माझं ऐकतील...

संजना : तू बोलायची नाय.

सिद्रा : अगं, पण...

संजना : राग नको मानू. तू बोललीस की सगळं गोड होतं, ताई. आमाला गोड नको. सकाळची बॅच पाहिजे.

सिद्रा : ...बरं. नाही बोलणार.

संजना : आधी मला वाटायचं, तुझ्यासारखं बोलता आलं पाहिजे. आरशासमोर उभी राहून करायचे, तुझ्यासारखे हात. आजी हसायची. त्या दिवशी पडद्यामागं उभी व्हते ना, तेव्हा वाटलं, नको. आपलं आपल्यासारखंच बरं.

सिद्रा : बरोबर वाटलं तुला.

संजना : रडतीस काय? दुकानात? दादा बघतोय.

सिद्रा : नाही. बोल तू.

संजना : तुझी परतीची जीप कितीला?

सिद्रा : साडेसहाला. शेवटची.

संजना : मग अजून टाइम हाय. बस त्या बाकड्यावर. दादा, ह्या प्रती थांबवा जरा. सिद्राताई, माझ्या अक्षरात अर्ज नीट लागत नाय. तुझं अक्षर छापल्यासारखं. स्वच्छ उतरून काढशील?

सिद्रा : दे.

संजना : एक शब्द बदलायचा नाय.

सिद्रा : नाही बदलणार.

संजना : 'विनम्र' बिनम्र घालू नको मधे. लिवलंय तसं.

सिद्रा : इथं 'आमाला' लिहिलंयस. 'आम्हाला' करू?

संजना : ...ते कर.

सिद्रा : सह्या?

संजना : ह्या कागदावर घेतल्यात, बारा. उद्या नव्या अर्जावर परत करतील. त्यातली विमल सही करायला घाबरत व्हती, चार दिवस कागद जवळ ठेवला तिनं, मग केली. तिचंबी गैरहजेरीत नाव हाय.

सिद्रा : झालं बघ. वाच एकदा.

संजना : ...हां. बरोबर हाय.

सिद्रा : संजना, मी दुपारच्या बॅचची नाही. कशेळ्याच्या वरची पण नाही. माझं घर कॉलेजपासून दहा मिनिटांवर आहे. पण मी सही केली तर चालेल?

संजना : कर की. आमच्या बारा जणींच्या खाली जागा हाय.