गलहीवर पाय

आम्ही मूळचे नागपूरकडचे, म्हणजे पणजोबांच्याही आधी कोणीतरी तिकडून आलं आणि इथं काशीत भोसले घाटामागच्या गल्लीत राहिलं ते राहिलंच. मी काही नागपूर पाहिलेलं नाही, मराठी आपली घरात, दाराबाहेर पडलं की हिंदी. थोरला दादा भिक्षुकी करतो, महाराष्ट्रातून अस्थी घेऊन येतात त्यांचं सगळं तोच बघतो, आणि मी इंजिनाच्या कारखान्यात फिटर होतो, रिटायर झालो तसा दादाची नाव चालवायला लागलो. माझं तोंड फटकळ. दादा म्हणतो, तुला मंत्र शिकवले नाहीत तेच बरं, देव घाबरून पळाले असते.

नाव तशी छोटीच, सहा माणसं बसली की भरली. ती घेतली तेव्हा आमच्या आईनं गलहीची, गलही म्हणजे नावेचं पुढचं टोक, तिची खणानारळानं ओटी भरली, हळदकुंकू लावलं आणि आम्हा दोघांना बजावलं की ही आता गंगामाई, हिच्या तोंडावर पाय द्यायचा नाही. झालं! आई गेली पण नियम राहिला. इथले मल्लाहही नाव पुजतात, पण लंगर टाकायला, लंगर म्हणजे आपला नांगर हो, खुशाल पुढं चढतात आणि दोर टोकाच्या कडीला बांधतात. आम्ही मात्र मधल्या फळीवर बसून बाजूनंच टाकायचो आणि दोर त्याच फळीला बांधायचो. मी फिटर माणूस, मला दिसत होतं की हे चूक आहे, दोर बाजूला बांधला की नाव धारेला आडवी होते. किती वेळा म्हटलं, दादा, पुढं एक रूळ बसवतो, दोर त्यावरून जाईल, आपण इथंच बसून सोडू, ओढ तेवढी टोकावर येईल, कुणाला वर चढायला नको. तर म्हणाला, आईच्या तोंडाला भोकं पाडणार का तू? रूळ राहिला तो राहिलाच.

गेल्या पितृपक्षात पूर नुकता उतरला होता, नावांवरची बंदी उठली होती, पण धार अजून जोरात. साताऱ्याच्या एक बाई वडिलांच्या अस्थी घेऊन आलेल्या, शाळेत शिकवतात, एकट्याच. मधोमध गेलो, मी लंगर टाकला, दादा संकल्प सांगायला उठला, आणि काय सांगू तुम्हाला, दोराला असा हिसका बसला की नाव आडवी होऊन कलली, पाणी धबाधबा आत आणि दादा पाण्यात! ओल्या दोराची गाठ, ती सुटेना, माझी बोटं सोलली, शेवटी त्या बाईंनी पूजेच्या पिशवीतला अडकित्ता काढून दोर कातरला. नाव सरळ झाली. दादा टोकाची कडी धरून लोंबकळत होता, सत्तर वर्षांचा माणूस, नाकातोंडात पाणी, धाकट्या, धाकट्या म्हणून हाक मारतोय.

मी धावलो. गलहीपाशी आलो, पाय उचलला, आणि परत खाली ठेवला. खोटं कशाला सांगू. समोर कुंकू दिसत होतं आणि पाय पुढं जाईना, सख्खा भाऊ बुडतोय आणि माझा पाय पुढं जाईना! मी, ज्यानं जन्मभर कुणाचं ऐकलं नाही, साहेबाचंसुद्धा. त्या बाई मला ढकलून चपलांसकट गलहीवर गेल्या, पालथ्या पडून त्यांनी दादाचं मनगट धरलं, तेव्हा कुठं मी भानावर आलो आणि दोघांनी मिळून त्याला वर ओढलं.

दोन दिवस दादा बोलला नाही. मला वाटलं, भ्यायलाय. तिसऱ्या दिवशी म्हणाला, काय बसवायचं ते बसव. मग मी नायलॉनचा रूळ आणला, दोन्ही बाजूंनी पोलादी पट्ट्या लावल्या म्हणजे दोर घसरायला नको, खालून सागवानी ठोकळा दिला, आणि मधे दोर बांधायला एक खुंटा. नाव वाळूवर ओढून ड्रिल सुरू करणार तर ठोकळा हलायला लागला. म्हटलं, वरून दाबून धरायला कुणाला तरी हाक मारतो. तर दादानं धोतर खोचलं आणि सरळ गलहीवर पाय ठेवून उभा राहिला. ड्रिल माझ्या हातात तसंच.

वरनं म्हणाला, त्या बाई नसत्या तर तू आला असतास का रे?

त्यानं पाहिलं होतं. पाण्यातून सगळं पाहिलं होतं. म्हटलं, दादा, खरंच माहीत नाही. रडू आलं मला, या वयात, वाळूत बसून. दादा म्हणाला, दोन दिवस मी तोच विचार करत होतो, तू पाण्यात असतास तर मी आलो असतो का म्हणून. आणि माझंही उत्तर तेच आलं. चल, पाड भोक.

आता लंगर अगदी सोपा झालाय, बसल्या जागेवरून सोडायचा, नाव धारेकडे तोंड करून शांत उभी. यजमान कौतुक करतात. पण मी रोज सकाळी पाण्याला हात लावतो तेव्हा एवढंच म्हणतो, माई, परत अशी परीक्षा घेऊ नकोस, आम्ही दोघंही भाऊ नापास आहोत.