मस्कतच्या बैलाले आवतन

(बेला, आंध्र प्रदेशातला आदिलाबाद जिल्हा. २०११ सालचा पोळा होऊन चार दिवस झालेले. शुक्रवारची संध्याकाळ. ओसरीवर वांग्यांच्या टोपल्या. खाटेवर मोबाइल, आवाज मोठा केलेला. पलीकडून मस्कतहून मारोती.)

गयाबाई : हालो म्हणू नको मले! दोन दिस फोन बंद. दोन दिस! आकडे दाबू दाबू माही बोटं झिजली. ती बाई आधी अरबीत बोलते, मंग इंग्रजीत बोलते, अन् माह्या पोराचा पत्ता सांगत नाई.

मारोती : माय, ऐक तं—

गयाबाई : काय ऐकू? पोळ्याच्या दिशी फोनवर इकडचा ढोल ऐकून ढसाढसा रडला. 'मले इथं करमत नाई, मी वापस येतो' म्हणाला. अन् बुधवारपासून गायब! मायच्या जिवाले काय वाटलं असन?

उत्तमराव : अवं, त्याले बोलू दे. पोरगं जित्तं हाय, आवाज येऊन राह्यला, बस.

गयाबाई : तुमी गप बसा जी. काल वांगे तोडाचे सोडून बांधावर कोण बसून होतं तोंड पाडून? मी?

मारोती : माय, मी फिराले गेल्तो.

गयाबाई : फिराले?

मारोती : दोस्तांसंगं.

गयाबाई : आता हे दोस्त कोठून आले? आठ महिन्यांत एकाचं नाव नाई काढलं तुवा. सांगलीवाल्यांच्या खोलीत गेलं तं ते म्हणत, तू आंध्राचा. तेलगूवाल्यांच्या खोलीत गेलं तं ते म्हणत, तू मराठी. तूच तं सांगे, 'मी जेवाले बी एकटाच बसतो' म्हणून.

मारोती : बसत होतो. मंगळवारी जेवता जेवता माह्या तोंडून निघालं, आदिलाबादच्या बसस्टँडवरचे मिरचीभजे पाह्यजे होते आता. तं पलीकडचा एक जण ताट सोडून उठला. लिंगय्या. म्हणे, 'तू आदिलाबादचा? मी निर्मलचा!'

उत्तमराव : म्हणजे आपल्याच जिल्ह्यातला की!

मारोती : तेच तं बाबा! आठ महिने एकाच साइटवर सळया बांधून राह्यलो, अन् एकमेकाले माहीत नाई. बुधवारी ईद होती, एक दिवसाची सुट्टी. मी लुंगी-बनियनवर भिताडाकडं तोंड करून पडलो होतो. लिंगय्यानं चादर ओढली. 'पदरा, पद!' म्हणे, तेलगूत 'चल रे, चल!' म्हटलं कुठं? म्हणे मले बी माहीत नाई. खाली गुलजमान गाडी घेऊन उभा हाय, गाडीत डिझेल हाय, चल.

गयाबाई : अन् तू लुंगीवरच गेला?

मारोती : लुंगीवरच.

गयाबाई : लाज आणली बापा. हा गुल... गुल कोण?

मारोती : गुलजमान. पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हर, लिंगय्याचा दोस्त. पेशावरकडचा.

गयाबाई : पेशावर म्हणजे? ते पाकिस्तान नोहे का? अहो, ऐकता का जी? पाकिस्तान!

उत्तमराव : ऐकून राह्यलो. माणूस कसा हाय?

मारोती : लय भारी बाबा. गाडी चालवता चालवता गाणं म्हणते, अन् रस्त्यात मेंढरू दिसलं की गाडी थांबवून त्याले सलाम करते. त्याच्या मायनं त्याले तुपाचा डबा धाडलेला. कोणाले हात लावू देत नाई. मले म्हणे, 'तू सुकला, तू खा.'

गयाबाई : त्याच्या मायनं धाडलेलं तूप?

मारोती : हो.

गयाबाई : बरं. मंग पुढं सांग.

मारोती : एका अंगाले समुद्र अन् एका अंगाले खजुराच्या वाड्या. कुठं जाऊन राह्यलो, कोणालेच माहीत नाई. दुपारी पाणी प्याले एका वाडीपाशी थांबलो. तं तिथं झाडाखाली बैल बांधलेला.

उत्तमराव : बैल? तिकडं?

मारोती : बैल, बाबा! काळाशार. वशिंड हे एवढं! शिंगं आखूड, कातडी अशी चकाकून राह्यली. अन् अंगावर झूल नाई, शिंगाले रंग नाई, गळ्यात साधी घुंगरमाळ नाई. मले काही सुचलंच नाई. गुलजमानचा तुपाचा डबा घेतला, लिंगय्याच्या सयपाकाच्या पिशवीतली हळद घेतली, अन् लागलो त्याचे खांदे मळाले.

गयाबाई : अरे येड्या, पोळा तं सोमवारी झाला!

मारोती : मले कुठं भेटला सोमवारी?

उत्तमराव : ... खांद्याले घट्टा कसा होता?

मारोती : तेच तं सांगतो. घट्टाच नाई! त्यानं जन्मात जू पाह्यलं नाई. तो टकरीचा बैल, बाबा. इकडं सणासुदीले बैलाबैलाची टक्कर लावतात. तितक्यात वाडीवाला म्हातारा काठी घेऊन वरडत आला. मोडकंतोडकं हिंदी येते त्याले. म्हणे, 'हट, हट! मागच्या महिन्यात यानं माणूस कुंपणापलीकडं फेकला!'

गयाबाई : अगं माय माय माय!

मारोती : अन् हा बैल डोळे मिटून उभा. खांदा आणखी खाली देऊन राह्यला. म्हाताऱ्याच्या हातातली काठी तशीच राह्यली. अन् मंग... मंग माह्या तोंडून निघून गेलं.

उत्तमराव : काय निघून गेलं?

मारोती : कानात. 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.'

उत्तमराव : आवतन देऊन बसला?

मारोती : देऊन बसलो.

गयाबाई : अरे माह्या कर्मा! आता काय करावं या पोराले! अरे, बैलाले आवतन देल्लं की दुसऱ्या दिशी पुरणपोळी खाऊ घालाच लागते. मजाक हाय का ते? तोंडानं बोलावलं अन् जेवाले नाई घातलं, तं त्याचा तळतळाट सात पिढ्याले सोडत नाई.

मारोती : मले माहीत नाई का? अन् दुसऱ्या दिशी सकाळी सहाले माही ड्यूटी! तिथून साइट साडेतीन घंट्यावर. लिंगय्यानं डोकंच धरलं. पण त्यांच्या घरी बी पोळा असते. म्हणे, 'आता मोडता येत नाई.' गुलजमानले समजावलं, तं तो म्हणे, 'दावत दिया तो दिया. हम भी रुकेगा.'

गयाबाई : दोघं बी राह्यले? तुह्यासाठी?

मारोती : दोघं बी. म्हाताऱ्यानं बैठकीची खोली उघडून देल्ली. माह्या फोनची बॅटरी तवाच खलास झाली. चार्जर खोलीवर. नंबर तं एक बी पाठ नाई.

गयाबाई : मायचा नंबर पाठ नाई! बरं, पुरण कायचं केलं?

मारोती : चण्याची डाळ दुकानात भेटली. गूळ काही भेटला नाई. मंग खजूर घातले.

गयाबाई : खजूर?! पुरणात?

मारोती : बिया काढून, डाळीसंगं घोटून. बिना गुळाचं असं गोड झालं का बस. पण लाटाले बेलणं नाई. गुलाबपाण्याच्या शिशीनं लाटल्या. पहिल्या तीन तं फाटल्याच. दरवाजाआडून म्हाताऱ्याच्या सुना खीखी हसून राह्यल्या. मंग म्हातारी स्वतः बाहेर आली, माह्या हातातली शिशी ओढली, मले बाजूले सारलं, अन् भराभर लाटत गेली.

गयाबाई : कणीक सैल भिजवली असन तुवा. मेली सवयच नाई. किती सांगितलं होतं, जाच्या आधी चार गोष्टी शिकून घे. बैलानं खाल्ल्या?

मारोती : अकरा! लिंगय्यानं चार. गुलजमान म्हणे, 'ये तो हलवा है, रोटी के अंदर छुपाया.'

उत्तमराव : पाया पडला का बैलाच्या?

मारोती : पडलो बाबा. लिंगय्या बी पडला. गुलजमाननं सलाम ठोकला. अन् म्हाताऱ्याले सांगितलं, 'चाचा, आज याचा सण, आज याले काही काम लावू नका.' तं तो म्हणे, 'आज तं याची चार वाजता टक्कर हाय!'

उत्तमराव : अरे देवा!

मारोती : घेऊन गेला. आमी बी गेलो मागं मागं. मैदानाच्या भोवती दोनशे गाड्या, लोकच लोक. समोरचा बैल माती उकरून राह्यला, फुरफुरून राह्यला. अन् आपला? त्यानं त्याच्याकडं पाह्यलं, एक ढेकर देल्ला, अन् मैदानात मधोमध बसून गेला. रवंथ सुरू!

गयाबाई : अहो, हसू नका जी. तुमी हसले की मले बी... अगं बाई गं... बसून गेला?

मारोती : बसूनच गेला! म्हातारा आधी लालबुंद. मले वाटलं, आता काठी आपल्या पाठीत. मंग हसाले लागला, ते हसता हसता बैलाच्या बाजूनंच मातीत बसला. मले म्हणे, 'तेरा मेहमान है, मैं क्या बोलेगा.'

उत्तमराव : माणूस चांगला हाय.

मारोती : चांगलाच हाय. पण बाबा, आता खरी गोष्ट सांगतो. काल तिघाचा बी खाडा पडला. गुलजमानची कंपनी दुसरी हाय, त्याचं तो पाहून घेते. पण आमचे फोरमन पिल्लेसाहेब लय कडक. मागच्या ईदले दोघं जण सुट्टीनंतर उशिरा आले, तं त्याहीले सरळ घरी धाडलं. लिंगय्याले अन् मले आता साडेचारले बोलावलं हाय. मी त्याहीच्या दरवाजापाशीच उभा हाय.

गयाबाई : धाडलं तं धाडलं! चुलीत गेली मस्कत. येऊन जा तू. मी तुह्या खोलीतली ज्वारीची पोती कालच काढून ठेवली. खाट झटकली. पिवळी चादर घातली.

मारोती : माय...

गयाबाई : तुह्या बाबाले बी सांगितलं, पोरगं येते, मळ्यात दोन वाफे आणखी पाडू.

मारोती : माय, मले वापस नाई याचं.

उत्तमराव : अवं, ऐकलं का? तिथंच राह्यतो म्हणते पोरगं.

गयाबाई : ऐकलं जी! सोमवारी तं म्हणे मी आताच्या आता येतो.

मारोती : सोमवारी याचंच होतं. खरं सांगतो, त्या दिशी कोणी तिकीट देल्लं असतं तं मी अनवाणी पळत आलो असतो. पण आता... काल वापस येताना तिघं बी गाडीत पुढं बसलो होतो. लिंगय्या माह्या खांद्यावर डोकं टाकून झोपला. असं बसून आठ महिने झाले होते माय. आता धाडलं तं मले लय वाईट वाटन.

गयाबाई : मंग इथं फोनवर काय बोलत बसला? जा त्या सायबाकडं! ताप होता म्हण. एकशे तीन ताप. लिंगय्या औषध द्याले थांबला म्हण.

उत्तमराव : नाई. खोटं नाई सांगाचं. बैलाचं आवतन पाळलं, त्यात लपवाचं काय?

गयाबाई : कोणाले पटन ते? साहेब म्हणन, प्याले असन.

मारोती : बाबा, मी सांगून पाहतो. फोन चालूच ठेवतो, खिशात... लिंगय्या, चल. — सर, मे आय...

गयाबाई : काही ऐकू येत नाई. नुसती खरखर. काय बोलून राह्यला तो साहेब? आवाज चढला त्याचा.

उत्तमराव : थांब. कान दे. 'बैल' म्हणून राह्यला मारोती.

गयाबाई : माह्या पोराले हसतात ते.

मारोती : बाबा... बाबा, साहेब म्हणतात, असं कारण त्याहीनं जन्मात ऐकलं नाई. तुमाले विचारतो म्हणतात, खरं हाय का म्हणून. हिंदीत बोला. देऊ का?

उत्तमराव : दे. ... नमस्ते साब. मैं उत्तमराव, मारोती का बाप. ... जी. ... जी, बैल. ... नहीं साब, दारू नहीं, बैल! ... बैल को दावत दिया था साब, कान में. हमारे मुलुक का दस्तूर है. दावत दिया तो खिलाना फर्ज है. ... हाँ साब, मालूम है, ड्यूटी भी फर्ज है. गलती तो हुआ.

गयाबाई : सांगा नं जी. त्याले तिथंच राहू द्या म्हणा. सांगा नं!

उत्तमराव : साब, आदमी को बुला के भूल गया तो आदमी मुँह पे गाली देता. जनावर किसको बोलेगा? ... जी. ... सजा जो देना है देओ साब. उसको वापस मत भेजो. उसकी माँ भी यही बोल रही. ... जी. जी, है बाजू में. ... जी, नमस्ते.

गयाबाई : काय म्हणाला? अहो, काय म्हणाला?

उत्तमराव : काही नाई म्हणाला. तुले नमस्ते सांगितलं.

गयाबाई : ते काय खाऊ का मी? मारोती! ए मारोती!

मारोती : माय! बाहेर आलो. चार शुक्रवार सुट्टी बंद. दोघाचे बी. बस!

गयाबाई : धाडत नाई?

मारोती : नाई धाडत! अन् दरवाजापर्यंत गेलो, तं साहेबानं मागून आवाज देल्ला. म्हटलं, झालं, मन बदललं. तं हळूच विचारते, 'अकराच्या अकरा खाल्ल्या?'

उत्तमराव : हा हा! खाऊ घाल त्याले बी एक.

मारोती : लिंगय्या तं नाचून राह्यला इथं. गुलजमान खाली हॉर्नवर हॉर्न वाजवते. त्याले अजून माहीतच नाई. माय, जातो, त्याले सांगतो. ठेवतो बरं का!

गयाबाई : अरे थांब, कणीक कशी भिजवाची ते तं... हालो? मारोती? ... हालो?

उत्तमराव : रेंज गेली असन.

गयाबाई : नाई जी. आठ महिने झाले, दर वेळी 'तू ठेव माय, आधी तू ठेव' म्हणून मलेच फोन ठेवाले लावे. आज त्यानं आधी ठेवला.