खुरचून पाह्यलेली तार

मी वडनेरचा जी, हिंगणघाट तालुक्यातलं वडनेर. बाप जिनिंगात कापसाचे गठ्ठे उचले, माय निंदाले जाय, अन् आमी दोघंच लेकरं, मी अन् माह्याहून सहा वर्सानं लहान निर्मला. नाव माहं भाऊराव, पण गावात भाऊरावचं घर इचारसान तं कोणी सांगणार नाई, शक्की मिस्त्री म्हणा, पोट्टं बी बोट दाखवते. आता हे शक्कीपण बापाकडूनच आलं म्हणाव लागन. बाप मटका घ्याले गेला का कुंभाराच्या दारात बसून पंधरा मटके वाजून पाहे, कान लावून लावून, अन् सोळावा घेऊन घरी आला का पुन्हा एकडाव वाजवे, म्हणे वाटेत बदलला तं नाई ना. बापा, वाटेत कोण बदलन? डोक्यावर तं तुह्याच होता! माय कपायाले हात लावे. तुमी हासून राह्यले, पण कान मले तिथूनच भेटला.

धंदा माहा मोटारीचा. इहिरीतली मोटार जळली का ते काढाची, वाइंडिंगच्या दुकानात न्याची, नवी तार भरून आणाची अन् पुन्हा उतरवाची. या धंद्यानं शक आणखीन पक्का केला. का सांगू तुमाले, तांब्याच्या नावानं अल्युमिनमची तार भरून देते लोकं, वरून लाल रोगण, कोणाले समजते? म्हणून आमच्याकडं रिवाजच हाय, मोटार भरून आली का खिशातून ब्लेड काढाचं अन् तारीले एका कोपऱ्यात खुरचाचं. लाल निंघाली तं तांबं, पांढरी निंघाली तं मंग त्या दुकानदाराची काही खैर नाई. मोटारीची तार जाड राह्यते, खुरचल्यानं तिचं काही बिघडत नाई, वारनिसचा एक थेंब टाकला का झालं. ब्लेड माह्या खिशात राह्यतेच राह्यते, लग्नाले गेलो तरी.

आता गिटारीचं. आमच्या विहाराची गायन पार्टी हाय, रामदास गाते, एक ढोलकीवाला, एक पेटीवाला, अन् गिटारीवर मी. नागपूरची एक आर्केस्ट्रा बंद पडली तवा त्याहीची लाल गिटार मी घेतली, करंटवाली. तिच्यात तारांच्या खाली दोन पट्ट्या राह्यते, पिकप म्हणते त्याले. पट्टीत लोहचुंबक अन् त्याच्याभोवती केसाहून बारीक तांब्याची तार, हजारो वेढे. मोटारीचं उलटं समजा, मोटारीले करंट दिला तं ते फिरते, इथं वरची तार थरथरली का खाली करंट तयार होते अन् भोंग्यात आवाज येते. एक पिकप मानेकडं, त्याचा आवाज गोल, भरलेला, गाणाऱ्याच्या गळ्याखाली गोधडीवानी पसरते. दुसरा बुडाकडं, त्याचा आवाज टोकदार, ढोलकी कितीबी वाजू द्या, त्याच्यातून पार निंघते. अन् बाजूले एक खटका, वर केला तं मानेकडचा, खाली केला तं बुडाकडचा, मधात ठेवला तं दोन्ही. गाणं चालू राह्यलं का मी खटका वर ठेवतो, अन् रामदासनं श्वास घ्याले जागा सोडली का खटकन खाली. त्या जागेसाठीच तं मी वाजवतो हो, खरं सांगतो.

असं वाद्य घरात हाय म्हतल्यावर झोप येईन का? कोणी खोलून आतला पिकप काढून घेतला अन् हलका बसवला तं? म्हणून म्या का केलं, बायकोची, शालूची, नेलपॉलिश घेतली अन् गिटारीच्या साऱ्या स्क्रूवर एकेक ठिपका ठेवला. कोणी स्क्रू फिरवला का ठिपका फुटन. शालू म्हणे, जग बोटाले लावते, तुमी स्क्रूले लावा!

मागच्या उन्हाळ्यात बुडाकडचा पिकप मेला. मीटर लावून पाह्यलं, आतली तार कुठीतरी तुटली. नव्यानं भराव लागन. अन् भरणार कोण, तं निर्मला. तिचं हिंगणघाटले वाइंडिंगचं दुकान हाय. तिचा नवरा, आमचे जावई, होते तवा ते त्याहीच्या बाजूले बसून शिकली, जावई गेले तवा लोकं म्हणे आता शटर पडन, बाईमाणूस का मोटारी भरन? तिनं शटर पडू देल्लं नाई. आमच्या अन् आजूबाजूच्या गावातल्या मोटारी तिच्याचकडं जाते, निर्मलाबाईनं भरली का पाहाचं काम नाई, असं तिचं नाव. पण एवढी बारीक तार तिनं कधी भरली नवती. तीन दिवस बसली. तार बोटातून येते का नाई येते तेबी समजे नाई, चारदा तुटली, पाचव्यांदा पुरी झाली. दुकानातच लहान भोंग्याले जोडून वाजवून पाह्यलं म्या, वाजली. पण मले वाटलं, थोडी चिरकी वाजून राह्यली. म्हतलं, निर्मला, वेढे कमी तं नाई ना टाकले? ते म्हणे, दादा, मशीनवर काटा हाय, मोजून टाकले, जुने होते तेवढेच. पण तारीचा रंगबी जुन्याहून फिका दिसे.

घरी आलो. आंगणात खाट टाकली, गिटार खोलली, पिकपच्या तारीवरची चिकटपट्टी सोडवली अन् ब्लेड काढलं. सख्ख्या बहिणीची तार हो! पण हाताले सवय. एकडाव खुरचलं, दिसलं नाई. चष्मा घालून आणखीन तीनदा खुरचलं. लाल निंघाली. तांबंच. तवा जिवाले बरं वाटलं, पट्टी गुंडायली, स्क्रू कसले, अन् नवीन ठिपके ठेवले. वाजवून पाह्यलं नाई, काऊन का भोंगा रामदासच्या घरी राह्यते.

आठ दिवसानं विहारात कार्यक्रम होता, सकाळी दहाचा, सारं गाव मांडवात. पहिलं गाणं, खटका वर, मस्त चालू. रामदासनं जागा सोडली, म्या खटका खाली केला. काहीच नाई. बोटं चालून राह्यले अन् आवाज नाई, नुसती ढोलकी. लोकं माह्या तोंडाकडं पाहे. खटका पुन्हा वर, वाजे, खाली, बंद. माह्या डोक्यात भडका उठला अन् मी मोठ्यानं बोललो, माह्या बहिणीनंच तारीत घोळ केला ब्वा, सख्ख्या भावाले फसवलं! रामदासचा माइक समोरच होता जी, चालू होता. चारी भोंग्यातून गेलं ते, पार नाक्यापर्यंत.

तिसऱ्या दिवशी आमच्याच गावच्या एकानं तिच्या दुकानातून न भरलेली मोटार उचलून नेली. म्हणे, भावाले सोडलं नाई ते आमाले का सोडन. मंग दुसरा गेला. निर्मलानं मले फोन करून इचारलंबी नाई, अन् म्या केला तं उचलला नाई. मले वाटलं, पाहा, चोरी पकडली म्हणून तोंड लपवून राह्यली. असं माहं डोस्कं!

मंग मी गिटार घेऊन नागपूरले गेलो, वाद्य दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याकडं. त्याच्या हातावरची नजर हटवली नाई म्या, चाय आली तरी पेलो नाई, तेवढ्यात काही बदललं तं? त्यानं पट्टी सोडवली, भिंग धरलं, अन् म्हणे, वाइंडिंग तो बढिया है भाऊ, किसने किया? लेकिन ये देखो, ब्लेड मारा है किसीने. म्या भिंगातून पाह्यलं. चार रेघा. एकामागं एक, सरळ. त्यानं इचारलं, किसने खोला था? म्या म्हतलं, माईत नाई. अन् म्हणता म्हणता नजर टेबलावर गेली, तिथं त्यानं काढलेले स्क्रू ठेवले होते. काढाच्या आगुदर म्या एकेक ठिपका तपासला होता ना, सारे साबूत होते. म्हणजे माह्यानंतर कोणी खोललीच नवती. आयुष्यभर चोर पकडाले ठिपके ठेवले, अन् सापडलो कोण तं मीच. लाज वाटली हो, लय लाज वाटली, त्या म्हाताऱ्यापुढं डोयात पाणी आलं.

तसाच बशीत बसून हिंगणघाटले उतरलो. दुकानात दोन गिऱ्हाइक होते, अन् त्यातला एक, जो कधी खुरचत नवता, निर्मलाच्या मोटारीवर ब्लेड चालवून राह्यला होता. निर्मला खाली मान घालून पाहे. म्या गिटार समोर ठेवली, म्हतलं, निर्मला, म्या खुरचली वं, म्याच तोडली. ते म्हणे, माइकवर बोलला होता ना दादा, तं मंग हेबी माइकवरच बोल.

बोललो. पुढच्या पौर्णिमेले, त्याच मांडवात, माइक हातात घेऊन. ठिपक्यासकट सारं सांगतलं. लोकं हासले, हासू द्या. एक मोटार परत आली, एक अजून नाई आली. निर्मलानं पिकपचे वरचे तुटके वेढे काढले, चांगली तार लागली तिथून जोडून देल्ली. आवाज आता थोडा आणखीन टोकदार झाला. रामदास म्हणते, उलट चांगलं झालं. पण माह्या कानाले ते गेलेले वेढे बराबर समजते.

आता मी दर बाजाराच्या दिवशी तिच्या दुकानात जाऊन बसतो, मोटारी उचलू लागतो. तिनं काउंटरवर सुतळीले एक ब्लेड बांधून लटकवलं हाय. गिऱ्हाइक आलं का म्हणते, खुरचून घ्या भाऊ, मंग न्या. मागं गिटारीचा खटका खरखर करे म्हणून तिनंच साफ करून देल्ला, अन् वापस देतानी ते ब्लेड माह्यापुढं केलं, हासून म्हणे, खुरच ना दादा. म्या हात मांगं घेतला. भलं हो तिचं, आणखीन का म्हणू. पण ते ब्लेड तिनं गिऱ्हाइकासाठी लटकवलं का माह्यासाठी, हे अजून मले समजलं नाई, अन् इचारू तं कोणत्या तोंडानं इचारू, सांगा.