एक नळी थुंकी आणि साहेबाची टोपी

…आणि वर मलाच विचारते ती बाई, फोनवर, भर दुकानात, समोर गिऱ्हाईक बसलेलं, त्याच्या नाकावर ती नंबर काढायची जड फ्रेम, उजव्या डोळ्यापुढे काच, डाव्यापुढे झाकण, आणि ही प्रयोगशाळेतली बाई मला विचारते, "तुम्ही पाठवलेल्या नळीत नक्की किती माणसं आहेत?"

नळीत! माणसं! आता तुम्हीच सांगा, या प्रश्नाला सभ्य माणसाने काय उत्तर द्यावं? मी म्हटलं, "घरचीच आहेत." खोटं कशाला बोला? त्यावर तिकडे कागद चाळल्याचा आवाज. मग म्हणाली, "नमुना मिसळलेला आहे, अमुक जुळत नाही, तमुक दुप्पट येतंय, नवीन पाठवावा लागेल, आलं ना लक्षात?" मला काही कळलं नाही. मी हो म्हटलं.

थांबा, मुळापासून सांगतो, नाहीतर तुमचंही माझ्यासारखं व्हायचं.

आमचं चष्म्याचं दुकान. वडिलांचं, म्हणजे आबांचं, आणि त्यांच्या मागून माझं. दुकानात शिरलात की डावीकडे फ्रेमा, उजवीकडे गॉगल, आणि मधोमध काचेच्या कपाटात, लाल मखमलीवर, दिवा लावून ठेवलेली… टोपी. विकायची नाही. जुन्या काळातली, फुगीर, कडा गोल बाहेर आलेली, साहेब लोक उन्हात घालायचे ती. गिऱ्हाईक वाचायचा चष्मा करायला येतं, आबा त्याला आधी टोपी दाखवतात, मग नंबर काढतात. "आमच्या खापरपणजोबांच्या वडिलांची," म्हणतात. "गोरा साहेब होता. या भागाचा कारभार त्याच्या हातात होता. आमचे घारे डोळे उगाच आहेत काय?" आणि स्वतःचा चष्मा काढून गिऱ्हाइकाला डोळे दाखवतात. आता गिऱ्हाइकाला जवळचं दिसत नाही, म्हणून तर ते आलेलं असतं, पण तेही बिचारं "वा, वा" म्हणतं.

बरं, साहेबाचं नाव काय? तर "मोठा साहेब होता." अहो, पण नाव? "फार मोठा." जन्मापासून मी हेच ऐकतोय. एकदा आईने विचारलं होतं, भाजी निवडता निवडता, मान वर न करता, "तुमचा साहेब मोठा असेल हो, पण आपल्या त्या पोरीला कुणी विचारलं होतं का, तुला साहेब हवा का म्हणून?" त्यावर आबा दोन दिवस आईशी बोलले नाहीत. आई म्हणाली, बरं झालं, जरा शांतता.

पण हसू नका. आबांचं दुखणं वेगळं आहे. लहानपणी शाळेत पोरं त्यांना मांजर म्हणायची. घाऱ्या, मांजऱ्या, म्यांव म्यांव करायची. एकदा रडत घरी आले तेव्हा त्यांच्या वडिलांनी टोपी काढून त्यांच्या डोक्यावर ठेवली, ती पार नाकापर्यंत उतरली, आणि म्हणाले, "मान वर कर. साहेबाचं रक्त आहे तुझ्यात." त्या दिवशी जी मान वर झाली ती आज ऐंशी उलटली तरी वरच आहे. मानेचा पट्टा लागला तेव्हासुद्धा डॉक्टर म्हणाले, मान छान ताठ आहे. आता त्यांची एकच इच्छा राहिलीय. जाण्याआधी त्या साहेबाचं नाव कळावं, बस. हे ते बोलले की मला गलबलून येतं, आणि मग मी कशालाही हो म्हणतो.

तर आमची कन्या म्हणाली, "आबा, डीएनए करू." ती कॉलेजात हेच काहीतरी शिकते. तिने समजावून सांगितलं, की वाय म्हणून एक गुणसूत्र असतं, ते बापाकडून मुलाकडे, मुलाकडून त्याच्या मुलाकडे, असं पिढ्यान्‌पिढ्या जवळजवळ जसंच्या तसं जातं.

आई म्हणाली, "आणि मुलींना?"

"मुलींना नाही मिळत, आजी."

"म्हणजे दुकानासारखंच," आई म्हणाली, आणि आत गेली.

कन्या पुढे सांगत होती, की जगात दुसऱ्या कुणाचं वाय जुळलं तर दोघांचा मूळपुरुष एक, त्यावरून साहेबाचं घराणं सापडू शकेल, समजलं ना बाबा? मला काही कळलं नाही. मी हो म्हटलं.

आली नळी. त्या नळीत रेघेपर्यंत थुंकायचं. अर्धा तास आधी खायचं नाही, प्यायचं नाही. आबा नवा सदरा घालून बसले. सगळं घर भोवती. आणि तुम्हाला सांगतो, जो माणूस बोलताना समोरच्याच्या चष्म्यावर शिंतोडे उडवतो, त्याच्या तोंडाला त्या दिवशी कोरड पडली. "सगळे बघताहेत, होत नाही." मग आम्ही भिंतीकडे तोंड केलं. तरी नाही. लिंबू कापून समोर धरलं, तर आबांना नाही, माझ्या मेहुण्याच्या तोंडाला पाणी सुटलं. तासाभराने कशीबशी अर्धी नळी झाली आणि आबा थकले. कन्या कॉलेजात गेलेली, विचारायचं कुणाला? आता आमच्या घरची रीत काय? कुणाचं काम अडलं की सगळ्यांनी हातभार लावायचा. आबांचा स्वेटरसुद्धा तिघींनी मिळून विणलाय, एक बाही लांब आहे, पण आहे. मी म्हटलं, मी त्यांचाच मुलगा, माझं काय वेगळं असणार? थोडं मी दिलं. मेहुणा म्हणाला, "मी काय परका आहे?" त्यालाही नाही कसं म्हणायचं, जावयाच्या माणसाला… म्हणजे मीच जावई त्यांच्याकडचा, ते जाऊ द्या. त्याने दिलं. शेवटी रेघेला केसभर कमी पडत होतं, तर आई पदर खोचून आली, "पन्नास वर्षं या घरात राबतेय, माझा नको का हिस्सा?"

तर अशी ती नळी. म्हणून विचारलं त्या बाईने, नळीत किती माणसं आहेत.

कन्येने डोक्याला हात लावला. दुसरी नळी मागवली, आबांना खोलीत एकटं बसवलं, बाहेरून कडी, आणि खोलीबाहेर पहारा. आबा आतून ओरडतायत, "कुणीतरी या रे मदतीला," आणि कुणी जायचं नाही. वंशाचा शोध काय घ्यायचा, सगळ्या वंशाची परवड.

मग निकाल आला. त्याच बाईचा फोन, पुन्हा भर दुकानात. म्हणाली, "अभिनंदन, आपल्या वडिलांची पितृरेषा जुळली. साहेबाच्या देशात एक गृहस्थ आहेत, त्यांचं आणि यांचं वाय एकच. मात्र दिशा उलटी आहे, बरं का. रेषा मूळची इकडचीच आहे, समजलं ना?" मला काही कळलं नाही. मी हो म्हटलं. आणि फोन ठेवून ओरडलो, "आबा, साहेबाच्या देशात आपला माणूस सापडला!"

चुकलंच. आबा उठले, टोपीला हात लावला, आणि रस्त्यावर जाऊन न्हाव्यापासून लाँड्रीवाल्यापर्यंत सगळ्या गल्लीला सांगून आले. पानवाल्याला दोनदा सांगितलं. ऐंशी वर्षांचा माणूस इतका खूश मी कधी बघितला नव्हता.

आणि संध्याकाळी कन्या घरी आली, तिने कागद वाचले, आणि मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, "बाबा, काय केलंत हे? आबांच्या रेषेत साहेब नाहीच आहे. आपले खापरपणजोबा इथलेच, त्यांचे वडील इथलेच. त्यांचाच कुणी भाऊबंद तिकडे गेला. ते गृहस्थ त्याचे वंशज."

"म्हणजे साहेब आपल्याकडे आला नाही?"

"नाही. आपण साहेबाकडे गेलो."

"मग आबांचे डोळे?"

"घारे डोळे इथल्या माणसांनाही असतात, बाबा. तुमचं चष्म्याचं दुकान आहे ना?"

आहे ना! रोज दहा जणांच्या डोळ्यांत टॉर्च मारतो मी, त्यातले एकदोन घारे असतातच, पण कधी डोक्यात आलं नाही. आता आबांना कोण सांगणार? मी आईकडे बघितलं, आई कन्येकडे, कन्या माझ्याकडे, आणि तेवढ्यात आबांनी बाहेरून हाक मारली, "अरे, त्या साहेबाशी बोलायचं कधी?"

झालं. रविवारी दुकान बंद ठेवून कन्येने तिथेच व्हिडिओ कॉल लावला. आबा सुटाबुटात. आणि डोक्यावर, काय सांगू तुम्हाला, टोपी. कपाटातली. अजूनही ती भुवयांपर्यंत उतरते. पडद्यावर आधी एक खोली दिसली, लहानशी, खिडकीखाली ओले मोजे वाळत घातलेले, आणि मग समोर येऊन बसले एक म्हातारे. आबांच्याच वयाचे. कन्येने विचारून सांगितलं, आयुष्यभर बस चालवली, आता निवृत्त, बायको गेली. रंगाने गोरे, पण डोळे? काळेभोर. आणि त्यांनीही ठेवणीतलं काहीतरी घातलेलं, खांद्यावरून कमरेपर्यंत आडवा लाल पट्टा, छातीवर मोठा पितळी बिल्ला, घासून लखलखीत केलेला.

आबा म्हणाले, "विचार, आमच्या साहेबाचं नाव काय होतं?"

कन्येने विचारलं. म्हातारे गोंधळले. तिने त्यांचं बोलणं सांगितलं, "ते म्हणतात, मीच तुम्हाला विचारणार होतो. माझे खापरपणजोबा तुमच्याकडून जहाजाने आले, एका साहेबाबरोबर. आमच्यात सांगतात की ते राजपुत्र होते. हा पट्टा राजघराण्याचा. आमचा राजा कोण होता?"

आबा पुढे झुकले. चष्मा वर केला, खाली केला. तुम्हाला सांगतो, तो बिल्ला मीसुद्धा ओळखला. अहो, पट्टेवाल्याचा पट्टा तो! जुन्या कचेऱ्यांत साहेबाच्या दाराबाहेर स्टुलावर बसायचे, आत चिठ्ठ्या न्यायचे, ते पट्टेवाले. आबांनी तर लहानपणी ढिगाने बघितलेले. त्यांनी हळूच डोक्यावरची टोपी काढली, उलटी करून आत बघितलं, आणि मांडीवर ठेवली. एक भाऊ साहेबाबरोबर गेला. दुसरा मागे राहिला, त्याला साहेबाने जाताना जुनी टोपी दिली असेल. एवढीच गोष्ट.

"पोरी," आबा म्हणाले, "हा आपल्याकडून गेलाय ना?"

"हो, आबा."

आबांची मान… मी पहिल्यांदा खाली गेलेली बघितली. मला वाटलं, संपलं. आईने विणकाम बाजूला ठेवलं.

आणि नेमके तेव्हाच तिकडचे म्हातारे बोलायला लागले, थांबत थांबत, आणि कन्या सांगत होती, "ते म्हणतात, लहानपणी शाळेत मला पोरं काळ्या म्हणायची. या डोळ्यांवरून. फार मारायची. मी रडत घरी आलो की माझे वडील हा पट्टा माझ्या गळ्यात घालायचे आणि म्हणायचे, मान वर कर, राजाचं रक्त आहे तुझ्यात. आता मी म्हातारा झालो. जाण्याआधी एकदा कळावं, की ते खरं होतं का?"

आबा त्या माणसाकडे बघत राहिले. मग त्यांनी मान वर केली. सावकाश, पण पार वर.

"सांग त्याला," आबा म्हणाले, "खरं आहे. राजाचंच आहे."

कन्या म्हणाली, "आबा…"

"सांग म्हणतो ना. आणि पट्टा जपून ठेव म्हणावं. असा पट्टा कुणालाही मिळत नसे."

तिने सांगितलं. तिकडे ते म्हातारे रडायला लागले. मोठा पितळी बिल्ला वरखाली होतोय, आणि रडतायत. मग डोळे पुसून त्यांनी विचारलं, "आणि राजवाडा?"

आबांनी आईकडे बघितलं. आणि पन्नास वर्षं ज्या बाईने त्या साहेबाची टर उडवली, ती माझी आई, पदर सारखा करून पडद्यासमोर आली आणि म्हणाली, "होता की. फार मोठा होता. आता पडलाय."

कन्या हे सगळं सांगून आबांसाठी पाणी आणायला आत गेली. आणि नेमके तेवढ्यात ते म्हातारे थेट माझ्याकडे बोट करून काहीतरी भरभर बोलले. लांबलचक. शेवटी भुवया उंचावून थांबले, म्हणजे प्रश्न असणार. आता त्यांची ती भाषा, ते रडवेले उच्चार… मला काही कळलं नाही. मी हो म्हटलं.

ते आनंदाने उभेच राहिले. पलीकडे कुणाकुणाला हाका मारल्या. कन्या परत आली, तिने त्यांच्याशी बोलून घेतलं, फोन बंद केला, आणि मला म्हणाली, "बाबा, त्यांनी विचारलं, तुम्ही युवराज का? आणि आम्ही सगळं खानदान घेऊन राजवाडा बघायला आलो तर चालेल का?"

तेव्हापासून युवराज रोज सकाळी स्वतः शटर वर ओढतात, स्वतः झाडू मारतात आणि गिऱ्हाइकाला विचारतात, "खालची ओळ वाचता येतेय का?" कपाटात टोपी आहे तशीच आहे. गिऱ्हाइकाने विचारलं तर आबा आता म्हणतात, "राजघराण्याला साहेबाने भेट दिलेली." आई मान हलवून दुजोरा देते. सांगा, यांना मी काय बोलू?

पाहुण्यांनी तिकिटं काढलीत. सोळा जण आहेत. तेव्हा तुमच्यापैकी कुणाच्या ओळखीत कुठे एखादा राजवाडा असेल तर कृपा करून सांगा. चांगला नको. पडकाच हवा, आईने तसं सांगून ठेवलंय.