बनियनच्या कापडाचा स्कर्ट

मुलुंडच्या एका दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर दोघी बोलत होत्या.

"कुमुद, घरात घालायला स्कर्ट शिवलास म्हणे?"

"बनियनच्या कापडाचा. नाडी नाही, वरचा रुंद पट्टा नुसता दुमडायचा. जरासुद्धा काचत नाही."

"सासूबाई काय म्हणाल्या?"

"मडमेची थेरं म्हणाल्या. मी गुपचूप ट्रंकेत ठेवला. परवा काढला तर पट्टा ताणून हा एवढा सैल. म्हणजे मी नोकरीवर गेले की बाईसाहेब तो घालून लोळतात."

"अगं बाई. विचारलंस?"

"कशाला? काल पट्टा चार बोटं आवळून शिवला. आता चढेल, पण उतरणार नाही."

"आणि आज इथं कशी?"

"त्यांनाच घेऊन आलेय. दुपारपासून पोट आवळतंय म्हणतात. आत डॉक्टर लुगडं सैल करा म्हणतायत, तर कमरेला हात लावू देईनात."